सुई-दोरा आणि सायकल: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की सायकलवर मुक्कामी जायचं तर टेंट, पिशव्या, पांघरूण हे सगळं घरच्या मशीनवर शिवता येतं, आणि त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं पूर्ण सदर त्यालाच देऊन टाकलं. सगळी पत्रं छापणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. नेटवर जे पॅटर्न मिळतात ते बहुतेक अमेरिका-युरोपातले, म्हणजे थंडी आणि सततच्या पावसासाठी काढलेले. आपल्याकडे नागपूर-विदर्भात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी, रात्री गार, मच्छर भरपूर, आणि मार्च लागला की ऊन. तेव्हा पॅटर्न बघा जरूर पण शिवायचं ते आपल्या हवेसाठी, माझी खालची जवळपास सगळी उत्तरं याच एका गोष्टीवर येऊन राहिली आहेत.

ताई, आईची जुनी उषा मशीन आहे, पायानं चालवायची. मला शिवणाचं काहीच येत नाही. मला डायरेक्ट टेंट शिवायचा आहे, कापड कोणतं घेऊ? (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, मानेवाडा)

टेंट थांबू दे थोडा. आधी एक नाडीची पिशवी शिव. पिशवीत सगळं येतं, सरळ टीप, गोल बूड, नाडीची दुमड, आणि बिघडली तरी अर्धा मीटर कापड गेलं एवढंच. गोल बुडाचा हिशोब असा की व्यास १५ सेमी घेतला तर घेर साधारण ४७ सेमी, त्याला दोन्हीकडून १-१ सेमी शिवणीचं सोड म्हणजे ४९ सेमी रुंद पट्टी झाली. उंची ३० सेमी ठेवली तर पिशवीत ५ लिटरपेक्षा थोडं जास्त मावतं, एक पांघरूण किंवा दोन दिवसांचे कपडे. अशा वेगवेगळ्या रंगाच्या तीन-चार शिवल्यास की मशीनवर हात बसतो, आणि त्या टूरवर कामालाही येतात, अंधारात रंगावरून सामान सापडतं.

कापडाचं म्हणशील तर गांधीबाग-इतवारीत जाऊन 'रिपस्टॉप' म्हटलं तर काही दुकानदार ओळखतात, काही नाही, पण 'पॅराशूट कापड' म्हटलं की बहुतेकांना समजतं, विंडचीटरला आणि हलक्या बॅगांना लागतं ते. रिपस्टॉप म्हणजे ज्यात बारीक चौकटी दिसतात, तिथे जाड दोरा विणलेला असतो म्हणून फाटलं तरी फाट पुढे पळत नाही. दुकानात उभ्या उभ्या दोन गोष्टी करायच्या. कापड तोंडाला घट्ट लावून फुंकायचं, हवा आरपार गेली नाही तर कोटिंग, म्हणजे पाणी अडवणारा थर, आहे. मग अर्धा मीटर घरी आणायचं, वाटीवर खोलगट ठेवून त्यात पाणी भरायचं आणि रात्रभर तसंच राहू द्यायचं, सकाळी खालून अंगठ्यानं दाबून बघायचं. अंगठा ओला झाला तर ते कापड पिशव्यांना ठेव, छताला नको. डेनिअर हा शब्द सगळीकडे येईल तर तो काही अवघड नाही, ९००० मीटर दोऱ्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनिअर, म्हणजे आकडा लहान तितका दोरा बारीक. छताला ३० डेनिअरच्या आसपास चालतं, बॅगांना २१० किंवा त्याहून जाड.

आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारायला विसरू नको, ४४ इंच की ५८ इंच यावरच मधली शिवण कुठे येणार ते ठरतं.

मशीनचं म्हणशील तर पायमशीन उत्तमच, हळू चालवता येते. बारीक नायलॉनला ११ नंबरची सुई, पट्ट्याला १६. टाका मोठा ठेव, ३ मिमीच्या आसपास, बारीक टाके घातले की कापडाला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडतात आणि जोर आला की तिथूनच फाटतं. दोरा पॉलिस्टरचाच पाहिजे, सुती दोरा ओलीनं कुजतो. टाचण्या लावू नको कारण कोटिंगच्या कापडाला टाचणीचं भोक कायमचं राहतं, कागदाच्या क्लिपा किंवा कपडे वाळत घालायचे चिमटे लाव. कापड सरकतं ही सगळ्यांची तक्रार असते तर सुईजवळ कापड दाबून धरणारा मशीनचा जो पाय असतो त्याचा दाब थोडा कमी कर आणि दोन्ही हातांनी, एका हातानं पुढून आणि एका हातानं मागून, ताणून धर पण ओढू नको.

आम्ही मित्रमंडळी रामटेकला जाऊन आलो, खिंडसी तलावाजवळ एका ओळखीच्या शेतात थांबलो होतो. बाजारातला दोन माणसांचा डोम टेंट होता. आतून भट्टी, आणि पहाटे छताला पाणी. टार्प, म्हणजे दोऱ्यांनी ताणून बांधायचं नुसतं छताचं कापड, तो चांगला की टेंट? (शिक्षक, जरीपटका)

सर, तुमचा टेंट बिघडलेला नाही, तो दुसऱ्या हवेसाठी आहे. माणूस झोपेत श्वासातून आणि अंगातून बरीच वाफ सोडतो, दोन माणसं एका बंद पिशवीत झोपली की ती वाफ जाते कुठे, पहाटे कापड गार झालं की त्याच्यावरच पाणी होऊन बसते. तळ्याकाठी आधीच दमट असतं म्हणून अजून जास्त. कोटिंग कितीही महाग असो, यावर एकच इलाज आहे, हवा वाहू देणं.

म्हणून नागपूरच्या आसपास फिरायचं तर माझं ठाम मत टार्प आणि त्याच्या खाली वेगळी जाळी. वजनाचा हिशोब करून बघा. ३ मीटर बाय अडीच मीटरचा टार्प म्हणजे साडेसात चौरस मीटर, ५० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं कापड घेतलं तर ३७५ ग्रॅम, दोऱ्या, कडा, कोपरे धरून साडेचारशे. जाळीचं आतलं घरटं तितकंच पकडा. दोन्ही मिळून किलोच्या आत बसतं, आणि बाजारातला साधा डोम दोन-अडीच किलोचा असतो. कोरड्या रात्री टार्प काढायचाच नाही, नुसती जाळी लावायची आणि वर चांदण्या बघत झोपायचं. जाळी काळी घ्या, काळ्या जाळीतून आरपार चांगलं दिसतं, पांढरीवर टॉर्चचा उजेड पडला की बाहेरचं काहीच दिसत नाही.

पण जाळीच्या बाबतीत एक गोष्ट अजिबात सोडू नका. जाळी नुसती लोंबती ठेवायची नाही, तिला खाली तळ शिवायचा, आणि तळाच्या कडा चारी बाजूंनी ८-१० सेमी वर उचललेल्या पाहिजेत, परातीसारख्या. मच्छर तर आहेतच, पण आपल्याकडे मण्यार आहे. हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, आणि चावलेलं फारसं दुखत नाही म्हणून कित्येकदा माणसाला जागही येत नाही, नंतर श्वास अडकायला लागतो तेव्हा समजतं. विंचू वेगळाच. चारीकडून बंद असलेली जाळी हा यावरचा खरा उपाय आहे, आणि वजन वाचवायच्या नादात लोक नेमकी तीच काढून टाकतात. चेन लावा, पाच नंबरची पुरते, आणि रात्री बाहेर जाऊन आलात की आधी चेन ओढा मग दिवा बंद करा. संशय जरी आला तरी सकाळची वाट न बघता सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात जायचं, बांधाबांध आणि मंत्र-तंत्रात वेळ घालवायचा नाही.

जाळीच्या तळाखाली अंथरायला बाहेरचे लोक खिडकीचं पातळ फिल्म वापरतात, ते आपल्याकडे शोधत बसू नका. आपल्याकडे मल्चिंग पेपर आहे! भाजीच्या वाफ्यांवर टाकतात तो, एका बाजूनं चांदी रंगाचा आणि दुसऱ्या बाजूनं काळा. ३० मायक्रॉनचा घेतला तर चौरस मीटरला २८ ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि ४ फूट पन्ह्यात येतो, म्हणजे एका माणसाचं अंथरूण ७०-७५ ग्रॅममध्ये झालं. कृषी केंद्रात पूर्ण रोलच देतात, पण ओळखीच्या शेतकऱ्याकडे टोकाचा तुकडा उरलेला असतोच. काट्यांना टिकत नाही म्हणून आधी हातानं जागा साफ करायची. आणि फाटला तरी घडी घालून परत आणायचा, शेतात सोडायचा नाही.

थांबायच्या जागेबद्दलही विचारलंत. पेंच, उमरेड-कऱ्हांडला या बाजूला जंगलात घुसून मुक्काम करायचा विचार कोणीच करू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्यात परवानगीशिवाय जाणंच गुन्हा आहे, आणि तिथे वाघ आहे हे वेगळं सांगायला नको. शेत विचारून, देवळाचा सभामंडप विचारून, शाळेचा व्हरांडा विचारून. टार्पवाल्या माणसाला व्हरांड्यात नुसती जाळी बांधून झोपता येतं, हाही एक फायदा.

सिलनायलॉनचा (सिलिकॉनचं कोटिंग असलेल्या नायलॉनचा) टार्प शिवला, शिवणीची भोकं बुजवायला बाजारात मिळणारं सीम सीलर लावलं, वाळल्यावर पापडासारखं निघून आलं. (गोधनी रोड)

कोटिंग आणि सीलर यांची जात जुळली नाही. सिलिकॉनवर फक्त सिलिकॉन चिकटतं, पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगवर पीयूवालं सीलर किंवा रेनकोटवाले लावतात ती गरम करून चिकटवायची टेप. कापड कोणत्या जातीचं ते कळत नसेल तर कोपऱ्यावर सिलिकॉनचा एक ठिपका लावा, दुसऱ्या दिवशी नखानं खरवडा, सहज निघाला तर पीयू.

तुमच्या टार्पला काचेच्या ॲक्वेरियमला लावतात ते शंभर टक्के सिलिकॉन घ्या, ॲक्रिलिक मिसळलेलं नको. पेंटच्या दुकानातलं टर्पेंटाइन त्यात थोडं थोडं घालत पातळ मधासारखं करा आणि जुन्या ब्रशनं शिवणीवर बाहेरच्या अंगानं चोळून लावा. गच्चीवर करा, आजूबाजूला विडी-अगरबत्ती काही नको. एक पूर्ण दिवस वाळू द्या, मग वरून थोडी टाल्कम पावडर फिरवा नाहीतर घडी घातल्यावर एकमेकाला चिकटून बसतं. आणि पुढच्या टार्पला जीन्सच्या पायाला असते तशी चपटी डबल शिवण घाला, तिच्यात कापडाची कड आत दुमडली जाते, पाणी मुळातच कमी शिरतं.

अजून एक, पावसात नायलॉन पाणी पिऊन सैल पडतं, ते तुमच्या शिवणीचं चुकलेलं नाही. झोपण्याआधी एकदा उठून दोऱ्या ताणून घ्यायच्या. पॉलिस्टरचं कापड असं सैल पडत नाही, मिळालं तर तेच घ्या.

ताई, मले सायकलच्या बॅगा बनवाच्या आहेत. सायकल साधी हाय, मागं लोखंडी कॅरिअर. फ्लेक्सचे बॅनर फुकट भेटते आमच्या इकडं, त्याच्या केल्या तं चालन का? (कळमेश्वर)

चालन ना भाऊ, पण कुठे चालेल आणि कुठे नाही ते सांगते. फ्लेक्स पाणी अडवतो, फुकट मिळतो, मशीनवर शिवला जातो. तोटा असा की जड आहे, आणि आपल्या उन्हात काही काळानं घडीवर तडकतो. म्हणून पूर्ण बॅग फ्लेक्सची करण्यापेक्षा बूड आणि मागची बाजू, जिथे घासतं आणि चिखल उडतो, तेवढी फ्लेक्सची करा आणि बाकी २१० डेनिअरचं कापड. पहिल्यांदाच करत असाल तर मात्र सगळीच फ्लेक्सची करा, हात साफ होईल आणि पैसे वाया जाणार नाहीत.

माप ३० सेमी रुंद, ३५ उंच, १५ खोल. एका बॅगेत जवळपास पावणेसोळा लिटर झालं, दोन मिळून एकतीस, आठ दिवसांच्या टूरला पुरून उरतं. मागच्या बाजूला आतून ताठ पाटी पाहिजे, नाहीतर बॅग चाकाच्या आऱ्यांत जाते आणि तो अपघातच. पाटीला निवडणुकीच्या आणि क्लासच्या जाहिरातीचे सनपॅक शीट (आत नळ्या असलेलं पोकळ प्लास्टिक) बेस्ट, हलके, पाण्यानं भिजत नाहीत. एकच लावलं तर नळीच्या दिशेनं वाकतं म्हणून दोन लावा, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, मधे गोंद, कडेनं टेप.

हुक बाजारातून विकत घ्यायची गरज नाही, ३ मिमी जाड आणि २० मिमी रुंद ॲल्युमिनियमची पट्टी वाइसमध्ये धरून कॅरिअरच्या नळीच्या मापानं वाकवायची आणि तिच्यावर जुन्या ट्यूबचं रबर चढवायचं, खडखड होत नाही आणि पेंटही घासत नाही. खाली एक रबरी दोरी चाकाच्या एक्सलजवळ अडकवायची, नाहीतर खड्ड्यात बॅग उडून बाहेर पडते, आणि कळमेश्वरचा रस्ता तुम्हाला मी काय सांगू.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टाच. बॅग शिवायच्या आधी त्याच मापाचा पुठ्ठ्याचा खोका कॅरिअरला बांधा आणि पॅडल उलटं फिरवून बघा, टाच खोक्याला लागते का. साध्या सायकलचं कॅरिअर छोटं असतं म्हणून हमखास लागते. लागत असेल तर हुक मागे सरकवा, नाहीतर बॅगेचा खालचा पुढचा कोपरा तिरपा कापून टाका. बॅग तयार झाल्यावर हे समजलं तर काहीच करता येत नाही. जड सामान, म्हणजे पाणी, हत्यारं, खाली आणि पुढच्या बाजूला, दोन्हीकडे वजन सारखं. जुन्या सायकलला रॉडचा ब्रेक असेल तर हँडलवर गुंडाळी बांधताना ती रॉडवर दाबली जात नाही ना ते नक्की बघा, ब्रेक अर्धवट लागून राहतो किंवा लागतच नाही, दोन्ही वाईट.

वरचं तोंड चेनचं नको. कापड हातभर उंच सोडा आणि तीनदा गुंडाळून बकल लावा, पाणी शिरत नाही. आत एक जाड प्लास्टिकची पिशवी तरीही ठेवाच. आणि मागे रिफ्लेक्टरची पट्टी शिवा, हायवेचे ट्रक संध्याकाळी कसे येतात ते तुम्हीही पाहता.

डिसेंबरात चिखलदऱ्याला जायचं आहे. स्लीपिंग बॅग जड आणि महाग. गोधडीसारखं काही हलकं शिवता येईल का? (बँक कर्मचारी, प्रतापनगर)

येईल, आणि तुम्ही म्हणता तीच आयडिया आहे, गोधडी. अमेरिकेत रे जार्डिन आणि जेनी जार्डिन या जोडप्यानं हजारो किलोमीटरच्या पायी वाटा आपल्याच हातानं शिवलेल्या सामानावर केल्या आणि स्लीपिंग बॅगऐवजी पांघरूण वापरा हे लोकांना पटवलं. कारण साधं आहे, स्लीपिंग बॅगची पाठीखालची रुई अंगाच्या वजनानं दबून जाते, दबलेल्या रुईत हवा नाही आणि हवा नाही तर ऊब नाही. मग ती वाहायची कशाला? खालच्या बाजूला चटई, वरून पांघरूण.

लांबी १९०-२०० सेमी, खांद्याकडे रुंदी १३०, पायाकडे १००. पायाकडची ४० सेमी दोन्ही कडा जोडून पिशवी करा, पाय बाहेर येत नाहीत. भरायला २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) पॉलीफिल, म्हणजे पॉलिस्टरची रुई, पण थानात मिळतं ते, उशीत भरायचं सुटं नको, ते एका कोपऱ्यात गोळा होतं. कापूस मात्र घेऊ नका. आपल्या पिंजाऱ्याची रजई घरी कितीही छान असली तरी सायकलवर एकदा दमट झाली की वाळत नाही आणि वजन तर बघूच नका. बाहेरचं आतलं कापड दोन्ही बिनकोटिंगचं, इथे वर सांगितलेली फुंकर उलटी करायची, थोडी हवा गेली पाहिजे, नाहीतर घामानं आतून भिजाल. एकूण वजन सातशे ग्रॅमच्या आसपास येईल.

मशीननं आरपार ओळी मारू नका. प्रत्येक टिपेच्या जागी रुई दबते आणि तिथून गार लागतं. कडेनं शिवा आणि मधे दर ३० सेमीवर सैल हातटाका घालून गाठ मारा, बस. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास आहे, आपण तीनशेवर, तेव्हा नागपूरच्या गच्चीवर जी थंडी सहन झाली ती तिथे होईलच असं नाही. पारा १० च्या खाली गेला तर सोबत स्वेटर, कानटोपी, कोरडे मोजे पाहिजेतच. खालची चटई १० मिमीची ईव्हीए फोमची घ्या, पॅकिंगचा पांढरा फोम स्वस्त पडतो पण चार रात्रीत चपटा होतो. आणि परत आल्यावर पांघरूण दाबून पिशवीत ठेवू नका, कपाटात मोकळं ठेवा.

कोल्ड्रिंकच्या डब्याचा स्पिरिटचा स्टोव्ह बनवायचा आहे, माप द्या. (दोन पत्रं, हिंगणा आणि सक्करदरा)

माप देत नाही, आणि का ते स्पष्ट सांगते. स्टोव्ह बनतो, चालतोही, ३० मिली स्पिरिटमध्ये दोन कप पाणी उकळतं, जगभर लोक वापरतात. पण दिवसा त्याची ज्योत दिसत नाही, विझला समजून माणूस वरून स्पिरिट ओततो आणि बाटली हातात पेटते. आणि आपलं जंगल पानगळीचं आहे, फेब्रुवारीपासून सागाच्या पानांचा थर पडलेला असतो, मोह वेचायला खाली पानं पेटवतात त्यातूनच किती वणवे लागतात ते आपण दर वर्षी वाचतो. त्यात आपली भर नको.

आणि खरं विचाराल तर विदर्भात स्टोव्हची गरजच किती पडते? सकाळी कुठल्याही गावात चौकात तर्री-पोहे मिळतात, चहा तर मिळतोच. सोबत सातूचं पीठ ठेवा, गूळ-पाणी घालून कालवलं की झालं, आगीचं काम नाही. स्टोव्ह, भांडं, इंधन, आडोसा मिळून पाऊण किलो वाचला, कापडात इतकं वजन वाचवायला किती महाग कापड घ्यावं लागलं असतं बघा.

मार्चमध्ये निघतोय. बाटलीतलं पाणी अकरा वाजताच चहासारखं. (वाडी)

छागल शिवा. पूर्वी जीपच्या आणि ट्रकच्या पुढे लटकवलेली असायची ती जाड कॅनव्हासची पिशवी. कापडातून पाणी पाझरतं, वाऱ्यानं उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, तुमच्या घरचा कूलर याच तत्त्वावर चालतो. जितकी हवा कोरडी तितकं पाणी गार, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये विदर्भात फार छान चालते आणि पावसाळ्यात काहीच उपयोग नाही. कॅनव्हास घट्ट विणीचा आणि बिनकोटिंगचा, शिवण डबल, दोरा इथे मात्र सुतीच घ्या कारण तो ओला झाला की फुगतो आणि सुईची भोकं बुजतात. पहिले दोन-तीन दिवस नुसती भरून टांगून ठेवा, विणीचा वास जातो आणि गळती कमी होते. थोडं पाणी वाया जातं हे धरून चला, म्हणून प्यायचं मुख्य पाणी बाटल्यांतच. नुसत्या बाटलीला ओला सुती मोजा चढवला तरी बराच फरक पडतो. आणि अकरा ते चार सावलीत थांबा, दुपट्टा बांधून का होईना पण त्या उन्हात चालवू नका.

मी महाल भागात पस्तीस वर्षं ब्लाउज शिवले. आता मुलगा म्हणतो आई तुझं वय झालं. नातीसोबत सायकलवर अदासा-धापेवाड्यापर्यंत जाऊन एक रात्र राहायची फार इच्छा आहे. माझ्या शिवणाचा यात उपयोग होईल का? (एक आजी)

आजी, तुमचं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. तुमच्याइतकी तयारी या सदरातल्या कोणाचीच नाही.

सायकलवरच्या मुक्कामाची सुरुवातच एका शिंप्यानं केली. थॉमस हायरम होल्डिंग, लंडनमधला टेलर. त्यानं सायकलवर नेता येईल असा हलका तंबू आणि बाकी सामान तयार केलं आणि १९०१ मध्ये त्याच्या पुढाकारानं सायकलवर कॅम्पिंग करणाऱ्यांची संघटना इंग्लंडात उभी राहिली, ती नाव बदलून आजही चालू आहे. वयाचं म्हणाल तर एमा गेटवूड नावाच्या अमेरिकन बाई १९५५ मध्ये ६७ व्या वर्षी अ‍ॅपलेशियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरपेक्षा लांब वाट एकट्या पायी चालून गेल्या, अकरा मुलांची आई. पाठीवर काय, तर स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी आणि पावसाला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. मुलाला हे वाचायला द्या.

तुमच्या हाताला जे येतं ते बाकीच्यांना शिकायला वर्षं लागतात. टार्पची मधली कड सरळ कापली की वाऱ्यात फडफडते, तिला किंचित आत वळवलेला कट लागतो, ३ मीटरला मधोमध ८-१० सेमी. तुम्ही गळ्याचा आकार काढता तसाच. एक पातळ साखळी भिंतीवर दोन खिळ्यांना सैल टांगायची, ती जो झोल घेते तोच आकार कागदावर उतरवून घ्यायचा. मुंढ्याला जसा जोर येतो तसा टार्पच्या कोपऱ्यांना येतो, तिथे आतून दुहेरी ठिगळ आणि पट्टीवर उलटसुलट टीप. चष्मा लावून दिवसा करा, नायलॉन चकाकतं.

धापेवाड्याला विठ्ठलाचं मंदिर आहे, अदाशाला गणपतीचं, सकाळी लवकर निघून आरामात पोचता. मुक्कामाचं आधी फोन करून विचारून ठेवा. नातीला पिशव्या शिवायला लावा, मी वर विद्यार्थ्याला सांगितल्या त्याच, आणि जाळी तुम्ही शिवा.

टार्पला काठी आणि खिळे कोणते? (बरेच जण)

काठी नको, सायकल आहे ना. सायकल उभी करून टार्पचं एक टोक हँडलला बांधायचं आणि हँडलपासून दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणायच्या. पुढचा ब्रेक रबरानं दाबून बांधून ठेवायचा म्हणजे सायकल पळत नाही. दुसरं टोक झाडाला किंवा खाली जमिनीला. पण एकट्या उभ्या झाडाखाली झोपायचं नाही, विजा आपल्याकडे मार्चपासूनच पडतात, ढग दिसले की टार्प गुंडाळून पक्क्या छताखाली जा, गारपिटीला तर कुठलंच कापड पुरत नाही.

खिळ्यांसाठी सायकलवाल्याकडून जुने आरे मागून घ्या, एका टोकाला वाकवले की मुरमाच्या कडक जमिनीत छान जातात आणि वजन काहीच नाही. काळ्या मातीत पाऊस झाल्यावर मात्र ते लोण्यातून निघावेत तसे वर येतात, तिथे ॲल्युमिनियमच्या एल पट्टीचे वीत-सव्वा वीत तुकडे कापा, वरच्या टोकाला भोक पाडून लाल दोरी ओवा म्हणजे सकाळी गवतात सापडतात.